घरी केलाय

भावोजींना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोवर त्यांचा फोटो हॉटेलात गल्ल्याच्या वर लागलासुद्धा. फोटोत ते कढईसमोर उभे आहेत, कढईतून जाळ वर आलाय, आणि ते जाळाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतायत. खाली मालकांनी छापून घेतलंय, ‘आमचे उस्ताद. ज्यांच्या हाताला चव होती.’ मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. इथे तर म्हैसच दुसरी होती, ती जिवंत होती, आणि फोटो लागला तेव्हा मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. ती माझी ताई. म्हैस म्हटलं म्हणून ती मला काही बोलणार नाही. ती कुणालाच काही बोलत नाही, हेच तर सगळं दुखणं आहे.

मी तिची धाकटी बहीण. आमच्या खोल्या एकाच मजल्यावर, समोरासमोर. मी कपडे दुरुस्त करते. झिपा बदलायच्या, उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं. लग्न केलं नाही. भावोजी मला ‘कात्री’ म्हणायचे, निम्मं धंद्यावरून आणि निम्मं जिभेवरून. मला त्यांचा राग होता, तो मी लपवत नाही. तेव्हा पुढचं सगळं माझ्या रागासकट ऐका.

ताईचं लग्न झालं तेव्हा भावोजी एका चायनीज हॉटेलात भांडी घासत होते. तिथला आचारी म्हातारा चिनी. तो स्वतःचे सॉस स्वतः करायचा, आणि करताना कुणाला जवळ उभं करायचा नाही. भावोजींच्या वाट्याला यायची ती त्याची रिकामी कढई. ती घासायच्या आधी ते कडेचं बोटाने चाटून घ्यायचे. चाटून चाटून त्यांची जीभ तयार झाली. हे मात्र खरं आहे. जीभ त्यांचीच होती, खोटं कशाला बोलू?

मग ते दुसऱ्या हॉटेलात कढईवर लागले. तिथे सॉस यायचा प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनमधून. नुसतं मीठ आणि रंग. एके दिवशी घरी येऊन ते ताईला म्हणाले, ‘‘मला तसा सॉस पाहिजे.’’

‘‘तसा म्हणजे कसा?’’

‘‘काळा. गोड नाही, पण गोड. आणि शेवटी जिभेवर जरासं जळकं.’’

ताईने तोवर चायनीज खाल्लंसुद्धा नव्हतं. एवढ्या पत्त्यावर माणूस टपालसुद्धा पोचवणार नाही. पण ती लागली कामाला. बाजारात विचारून विचारून तिने आंबवून वाळवलेलं काळं सोयाबीन शोधून काढलं. ते भिजवायचं, ठेचायचं, लसूण-आल्याबरोबर मंद आचेवर तेलात परतायचं, तेल कडेला सुटेपर्यंत. मग साखर. साखर कोरडीच जाळायची. आधी ती सोनेरी होते, मग तांबूस. तिथे सगळे घाबरून गॅस बंद करतात. ताई करायची नाही. गोड वास संपून डोळ्यांत धूर गेला की मगच ती उकळतं पाणी ओतायची, आणि कढई अशी फसफसून उसळायची की मी माझ्या खोलीत दचकायचे. तिच्या डाव्या मनगटावर त्याचा डाग आहे. मग पातळ सोया सॉस, मिरपूड, थोडी उकळी. व्हिनेगर गॅसवरून उतरल्यावर, नाहीतर आंबटपणा उडून नुसता वास उरतो. आणि कॉर्नफ्लोअर घरी अजिबात नाही. ते हॉटेलात, कढईत, अगदी शेवटी. आधी घातलं तर डब्यातच खळ होते.

हे सगळं तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ती करायची, भावोजी चमचाभर चाखायचे आणि म्हणायचे, ‘‘नाही.’’ दुसऱ्या दिवशी परत, ‘‘नाही.’’ का नाही, काय कमी, काय जास्त, ते सांगता येत नव्हतं त्यांना. नुसतं नाही. एकदा मीच वैतागून म्हटलं, ‘‘भावोजी, ‘नाही’ म्हणायला तर मलाही येतं.’’ कात्री म्हणाले मला. आणि एक दिवस ते काहीच बोलले नाहीत. दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. ताईने तेवढ्यात ओळखलं.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून तो सॉस हॉटेलात गेला. मालकांनी बोट बुडवलं, चाटलं आणि विचारलं, ‘‘हा कुठला?’’

भावोजी म्हणाले, ‘‘घरी केलाय.’’

आता ही आपल्या भाषेची एक मोठी सोय आहे. ‘घरी केलाय’ म्हटलं की कुणी केलाय ते सांगावं लागत नाही. त्यातून पुरुष मंडळी बायकोलाच ‘घरी’ म्हणतात. घरी विचारून सांगतो, घरी चालत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याने समजायचं की यांनी केला, आणि उद्या कुणी पकडलंच तर ‘मी तेच तर म्हणालो होतो’ म्हणून मोकळं. शिवण अशी घातली की उलटसुलट कुठूनही घालता येईल. त्या दिवसापर्यंत हॉटेलात त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारायचे. त्या दिवसापासून ते उस्ताद झाले.

रात्री घरी येऊन त्यांनी हे हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, ‘‘मग ताईचं नाव का नाही सांगितलं?’’

‘‘अगं, मी खोटं कुठे बोललो? घरीच केलाय ना?’’

‘‘पण त्यांना वाटलं तुम्ही केला.’’

‘‘त्यांना काय वाटावं ते मी कसं ठरवू? आणि बायकोने करून दिलेला सॉस मी ढवळतो म्हटलं, तर किचनमधली माणसं मला उभं करतील का?’’

ताई ताटं उचलत होती. म्हणाली, ‘‘जाऊ दे गं. त्यांचं नाव झालं काय आणि माझं झालं काय.’’

असं म्हणणाऱ्या बायकांना एकेकीला धरून हलवावंसं वाटतं मला. नाव काय घरातली वाटी आहे, कुणीही वापरली तरी चालायला?

मग वर्षानुवर्षं तेच. काळा, लाल आणि आंबटगोड असे तीन डबे. लाल सॉसच्या दिवशी मिरच्या वाटल्या की खालच्या मजल्यावरची माणसं खोकत खोकत भांडायला वर यायची. माझ्या गिऱ्हाइकांचे कोट लसणाचा वास घेऊन घरी जायचे. भावोजी हॉटेल बंद करून उशिरा यायचे, त्यामुळे दुपारपर्यंत झोपलेले. उठायचे, तोंड धुवायचे, तिन्ही डब्यांतून एकेक चमचा घ्यायचे, मान हलवायचे, आणि डबे घेऊन निघायचे. आयत्या बिळावर नागोबा. फक्त हा नागोबा बिळाची चव घेऊन मगच आत शिरायचा.

एकदा हॉटेलच्या वाढदिवसाला आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ नूडल्स संपवून ताटली पुसून काढत होता. त्याने आचाऱ्याला बाहेर बोलवायला सांगितलं. भावोजी आले, हात पुसत, नम्र वगैरे होऊन. ‘‘काय चव आहे हो! हा सॉस कुठून शिकलात?’’ भावोजींनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘सगळं घरचंच.’’ ताई त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. मान खाली घालून जेवत राहिली. जिन्यावर मी फणफणत होते, तर ती म्हणते, ‘‘मीठ जास्त झालं होतं आज. कढईत परत घातलं असणार यांनी. सॉसमध्ये असतंच की, कितीदा सांगितलंय.’’ तिला राग आला होता तो मिठाचा, असं तिला स्वतःला वाटत होतं.

पण तसं नव्हतं. मालकांनी भावोजींना ‘उस्ताद’ असं कोरलेली पितळी पाटी दिली, ती भावोजींनी ताईच्याच स्वयंपाकघरात, गॅसच्या वर लावली. त्या दिवशी ताई त्यांना म्हणाली, ‘‘एकदा सांगा ना मालकांना. मोठ्याने नको. सहज बोलता बोलता सांगा.’’ मी दारातच होते, मी ऐकलं. भावोजी म्हणाले, ‘‘सांगतो की. वेळ येऊ दे.’’

ताईला पैसा नको होता, पाटी नको होती. चार माणसांत कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, की हा सॉस हिने केला. एवढंच. माझ्या म्हणण्याला काही किंमत नव्हती, मी काय, मी तर रोजच म्हणायचे. ती वेळ यायची वाट बघत राहिली. वेळ काही आली नाही, काळ आला. भावोजी हॉटेलच्या किचनमध्येच खाली बसले ते उठलेच नाहीत.

हॉटेलने पुन्हा प्लॅस्टिकचे कॅन आणले. ताईकडे कुणी विचारायला आलं नाही. उस्ताद गेले म्हणजे सॉस गेला, इतकं ते सगळ्यांना उघड होतं. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तेव्हा मालक आले, आणि बरोबर आमचे चिरंजीव, म्हणजे ताईचा मुलगा. तो एका कंपनीत माल खपवण्याच्या खात्यात आहे. दुसऱ्या गावात राहतो. बापावर त्याचा फार जीव. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, बाप म्हणून भावोजी वाईट नव्हते.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा मालकांचा स्वभाव नाही. त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं, की उस्तादांचा सॉस बाटलीत भरून विकायचा. बाटलीवर उस्तादांचा फोटो. धंदा मालक आणि चिरंजीव मिळून करणार. अडचण एकच, सॉस.

चिरंजीव म्हणाला, ‘‘आई, तू तर बाबांच्या शेजारीच असायचीस. तुला थोडंफार आठवत असेल ना?’’

थोडंफार! माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

ताई म्हणाली, ‘‘करून बघते.’’ ते गेल्यावर माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा उजळला होता, जसा मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. म्हणाली, ‘‘आधी चाखू दे त्यांना. चाखलं की त्यांना आपोआप कळेल. मग मी सांगेन.’’ मला तेव्हाच धास्ती वाटली. माणसं जिभेने चाखतात असं तिला वाटत होतं.

तिने काळा सॉस केला. अगदी नेहमीचा, मी वास घेऊन सांगते. काचेच्या वाडग्यात घालून दोघांसमोर ठेवला. मालकांनी चमचा फिरवला, चाखला, छताकडे पाहिलं.

‘‘छान आहे वहिनी. छानच आहे. पण...’’

‘‘पण काय?’’

‘‘उस्तादांच्या सॉसला एक दणका होता. हा कसा... जरा घरगुती वाटतो.’’

चिरंजीवाने परत चाखला. आईला वाईट वाटू नये म्हणून तो खूप वेळ चाखत राहिला. शेवटी म्हणाला, ‘‘जवळ आलीयस आई. पण बाबांचा नाही हा. काहीतरी राहतंय.’’

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वाटलं, तो वाडगा उचलावा आणि उस्तादांच्या दणक्यासकट मालकांच्या डोक्यावर पालथा घालावा. ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘पुढच्या आठवड्यात या.’’

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा ती काय करणार आहे हे मला माहीत नव्हतं, आई शप्पथ. तिने फ्रीज उघडला आणि अगदी मागून एक डबा काढला. भावोजींचा डबा, झाकणाला पोचा आलेला, रोज हॉटेलात जाणारा. तो टेबलावर ठेवला आणि खाली बघत म्हणाली, ‘‘हा यांनी केलेला. जायच्या आदल्या दिवशीचा. मागे राहून गेला होता. बिघडलेला नाही.’’

मालकांनी झाकण असं उघडलं, जणू आत भावोजी झोपलेत. एक थेंब चमच्यावर घेतला, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, ‘‘उस्ताद.’’ चिरंजीवाने चाखला आणि तो पन्नाशीकडे झुकलेला माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. ‘‘हाच. आई, हाच. मागच्या वेळेस मी म्हणत नव्हतो, काहीतरी राहतंय?’’

ताईने त्याला रडू दिलं. पाणी दिलं. मग पदराला हात पुसून, सरळ उभी राहून म्हणाली, ‘‘हा मी केलाय.’’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वाक्यात कुणीतरी माणूस आलं होतं.

‘‘काल दुपारी केलाय. मागच्या वेळचाही हाच होता. पहिल्या दिवसापासून हॉटेलात गेला तो मी केलेलाच. यांनी एकदाही सॉस केलेला नाही.’’

मालकांनी चमचा खाली ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमाने म्हणाले, ‘‘वहिनी, होतं असं. दुःखात माणसाला काही काही वाटतं. माझी आई गेली तेव्हा मलाही...’’

‘‘तुमच्या आईचं राहू द्या,’’ मी म्हणाले. ‘‘उस्तादांनी तुम्हाला कधी सांगितलं, की सॉस मी केला?’’

‘‘पहिल्याच दिवशी! मी विचारलं, हा कुठला? ते म्हणाले, घरी केलाय.’’

‘‘मग घरी कोण होतं?’’

मालक गोंधळले. ‘‘घरी म्हणजे... घरी.’’

‘‘मावशी, पुरे,’’ चिरंजीव म्हणाला. डोळे अजून ओलेच होते त्याचे. ‘‘तुला बाबा कधी आवडलेच नाहीत. ते होते तोवर टोचून बोललीस, आता तरी सोड त्यांना. आणि आई, तू पण? बाबांकडे होतं काय दुसरं? ना शिक्षण, ना पैसा. एक हाताची चव होती. ती तरी त्यांची राहू दे.’’

ताई खुर्चीवर बसली. मला वाटलं, संपलं, आता ‘जाऊ दे गं’ म्हणेल. पण तिने त्याला विचारलं, अगदी साधेपणाने, जसं लहानपणी अभ्यास विचारायची तसं.

‘‘तू दुपारी शाळेतून यायचास. मी काय करत असायचे?’’

‘‘स्वयंपाकघरात असायचीस.’’

‘‘काय करत?’’

त्याला सगळं आठवत होतं. तो मन लावून सांगायला लागला, मुलगा चांगला आहे हो. ‘‘मिरच्या वाटायचीस. लसूण सोलायचीस, मला पण सोलायला बसवायचीस. साखर जाळायचीस, तेव्हा मला बाहेर काढायचीस, अंगावर उडेल म्हणून. मग ढवळत उभी असायचीस.’’

‘‘आणि बाबा?’’

‘‘बाबा झोपलेले असायचे. रात्रीचं काम त्यांचं.’’

‘‘मग मी ते काय करत होते?’’

उत्तर त्याच्या तोंडात होतं, फक्त जीभ हलवायची होती.

‘‘काय म्हणजे?’’ चिरंजीव म्हणाला. ‘‘बाबांच्या सॉसची तयारी.’’

त्याने ते कुचकेपणाने म्हटलं असतं, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. तो मनापासून म्हणाला. तो शेजारी बसून लसूण सोलत होता, आणि त्याने तयारीच पाहिली होती. ताईने डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून, आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

‘‘घेऊन जा. तेवढाच आहे.’’

तो डबा कुठल्याशा प्रयोगशाळेत देणार म्हणे, आत काय काय आहे ते शोधायला. मालक पुढे होऊन जिन्यावर वाट करून देत होते आणि चिरंजीव दोन्ही हातांत डबा धरून एकेक पायरी जपून उतरत होता. वळणावर थांबून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आई, तू पण जरा आराम कर. खूप केलंस बाबांसाठी.’’

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी दार लावलं आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले. भावोजींना, मालकांना, चिरंजीवाला, कुणाला सोडलं नाही. ताई ऐकत नव्हती. ती गॅससमोर उभी राहून मनगटावरच्या डागावरून अंगठा फिरवत होती.

‘‘काय गं,’’ ती म्हणाली, ‘‘मीच करत होते ना?’’

‘‘हो!’’ मी ओरडलेच. ‘‘तूच. मी डोळ्यांनी पाहिलंय. रोज.’’

तिने माझ्याकडे पाहिलं, तसंच, जसं मालकांनी तिच्याकडे पाहिलं होतं. प्रेमाने.

‘‘तू काय,’’ ताई म्हणाली, ‘‘तू म्हणणारच.’’